कुंकवाचं बोट

डोणगाव,
रविवार, दुपार

प्रिय पुष्पा,

फोन तू उचलत नाही. उचलला असता तरी जे सांगायचं ते मले तोंडानं सांगता आलं नसतं, म्हणून गिरणी बंद ठेवून लिहायले बसली. माझं अक्षर तुले माहीत आहे. चौथीनंतर म्या पेन धरला तो तू महिला आघाडीच्या रजिस्टरवर सही करायले लावली तेव्हाच. ठराव, निवेदनं, पेपरातली बातमी, सारं तू लिहायची अन् खाली मी कलाबाई, तालुका अध्यक्ष म्हणून सही ठोकायची. आज सारं माझं मीच लिहून राह्यली. चुका काढत बसू नको अन् मधातच फाडू नको. शेवटपर्यंत वाच.

इकडचं म्हणशील तर हरभरा घाट्यावर आला आहे. तुझ्या खोलीले कुलूप आहे, चावी मी कमरेलेच लावून फिरते. गिरणीवर बाया येतात, दळण ठेवतात, तुझं नाव घेत नाहीत. घेतलं असतं तर मी भांडली तरी असती. कोणी घेतच नाही. मी पट्टा चढवते, दळते, डबे भरून देते. जेवते, झोपते. मले एकदाही रडू आलं नाही. तुले वाटेल बाई दगडाची आहे. असेल.

पक्षातलं भांडण तुले ठाऊक आहे, पण तू मागं लिहीत बसायची अन् मी पुढं, म्हणून मले जरा वेगळं दिसलं. पंजाबरावांचं म्हणणं, काळ बदलला, आता पक्षानं बदललं पाहिजे. गोपालभाऊचं म्हणणं, पक्ष रीतीवर उभा राह्यला, रीत सोडली की लोकं आपल्याले सोडतील. दोन वर्षं हेच. पोरींच्या मोबाइलवरून भांडले, मर्जीच्या लग्नावरून भांडले, तिळगुळाले बचत गटातल्या मुबीनाले अन् तिच्या मोहल्ल्यातल्या बायायले बोलवायचं का नाही यावरून तर गोपालनं खुर्ची उचलली. साऱ्या भांडणात विषय बाईचा, अन् बाईले कोणी विचारलं? म्या एकदा म्हटलं, मले बोलू द्या. तर दोघंही म्हणतात, ताई, आधी चहाचं पाहा. तेवढ्यावर त्यायचं एकमत झालं. पंजाबराव बोलायले गोड, पण त्यायच्या घरी सत्यनारायणाले त्यायची विधवा बहीण आतल्या खोलीत बसून राहते, प्रसाद तिले तिथंच जाते, हे म्या डोळ्यानं पाह्यलं. गोपाल तोंडाचा फाटका, पण विहिरीवर करंट लागून तुझा नवरा गेला, तेव्हा मेहकरच्या दवाखान्यात दिवसभर उभा राह्यला तो गोपालच. पंजाबराव फोनवर होते. म्हणून कोण चांगलं अन् कोण वाईट, ते मले विचारू नको. माझं डोकं चालत नाही त्याच्यात.

तुझा प्रल्हाद गेला त्याले पाच वर्षं झाली. त्या दिवशी गोपालची आत्या, रुखमाबाई, चार म्हाताऱ्या घेऊन आपल्या अंगणात आली होती, तुझ्या बांगड्या फोडायले. मी दारात आडवी झाली. म्हटलं, पोरीच्या अंगाले हात लावला तर डोक्यात वरवंटा घालीन. गेल्या तोंडं वाकडी करत. साऱ्या तालुक्यात नाव झालं, कलाबाई धीट. त्याच्यावरच पंजाबरावांनी मले अध्यक्ष केली. बांगड्या राह्यल्या तुझ्या हातात, टिकली मात्र तू आपणहून काढून ठेवली, अन् म्या बी लाव म्हटलं नाही. ते आज आठवून राह्यलं. पण पुष्पा, तेव्हाची गोष्ट सोपी होती. जाणारा गेला होता. त्याच्यावर अजून काय जाणार होतं आपलं? मले भ्यायचं कारणच नव्हतं. लोकायनं त्याले हिंमत म्हटलं, म्या म्हणू दिलं.

मग निवडणुकीत पंचायत समितीचा आपला गण बायायसाठी राखीव सुटला अन् पंजाबरावांनी तुझं नाव काढलं. बी.ए. झालेली, बचत गटाच्या साऱ्या बाया ओळखतात, कोणाचं देणं न घेणं. गोपालले तुझ्यात खोट काढता आली नाही, तर त्यानं भर बैठकीत विचारलं, प्रचाराले घरोघरी गेलं की बाया उमेदवाराचं औक्षण करतात, हिले कुंकू कोण लावणार? तू मान खाली घालून लिहीत होती. तुझा पेन थांबला नाही, ते म्या पाह्यलं. तेव्हा पंजाबरावांनी टेबलावर हात मारला. म्हणे, ठीक आहे, यंदाचं हळदीकुंकू पक्ष करील, मंगल कार्यालयात, अन् पहिलं कुंकू पुष्पांजलीताईले, त्यायच्या सख्ख्या जावेच्या हातून. मग पाहू कोण काय म्हणते. त्यायच्या खिशात मतदारयादी होती, विधवा बायायच्या नावावर लाल खुणा केलेली. ती मले नंतर दिसली.

तू नाही म्हणाली होती, हे मी विसरली नाही. घरी आल्यावर तू म्हणाली, बाई, मले हे नाटक नको, द्यायचं तर तिकीट असंच द्या म्हणावं. मी तुझ्यावर खेकसली. म्हटलं, मी आहे ना, माझ्या हातानं लावते, कोण काय करते पाहू. तू माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् हो म्हणाली. माझ्या भरवशावर म्हणाली.

आता त्या दिवसाचं. लोकायनं तुले काय काय सांगितलं असेल. गोपालचे लोक म्हणतात, कलाबाईनं ऐन वेळी रीत राखली. पंजाबरावांचे म्हणतात, कलाबाई विकली गेली, तिकिटासाठी जावेले तोंडघशी पाडलं. दोन्ही खोटं आहे. काय झालं ते मलेच ठाऊक आहे, अन् ते एवढंसं आहे की सांगायची लाज वाटते. तू पाटावर बसली होती, मोरपंखी लुगडं नेसून. समोर फोटोवाला. पुढच्या रांगेत रुखमाबाई तिच्या बाया घेऊन, कुंकू लागलं की उठून जायचं असं ठरवून आलेली. ते मले माहीत होतं, त्याचं काही वाटत नव्हतं. म्या करंडा उघडला, बोट बुडवलं. तू डोळे मिटले. अन् रुखमाबाई उठली नाही, ओरडली बी नाही. बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, कले, दम धर वं, घरी तुझा मालक दोन स्प्रिंगांवर जगून राह्यला ना?

बस. एवढंच बोलली ती. दिवाळीत अकोल्याले तुझ्या भासऱ्याच्या, म्हणजे ह्यायच्या, काळजाच्या नळीत त्या स्प्रिंगा टाकल्या, तेव्हा तू माझ्या संगं होती. काचेच्या दारातून आपण दोघी पाहत होतो. ते दार मले समोर दिसलं, अन् मले वाटलं की हे बोट तुझ्या कपाळाले टेकलं तर घरी त्यायचा श्वास थांबेल. खरं नाही, मले कळते ते. आज बी कळते, तेव्हा बी कळत होतं. कळूनही हात पुढं गेला नाही. मी भाषणं केली ना ह्याच्यावर? तूच लिहून दिलेली. ती सारी तोंडात होती अन् हात तिथंच. किती वेळ ते माहीत नाही. मग म्या बोट पदराले पुसलं अन् तुझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

तू डोळे उघडले. तिळगूळ मुठीत धरून उठली, चप्पल घातली अन् गेली. बाया वाणाचे डबे घ्यायले उठल्या, गर्दी झाली. मुबीना तेवढी माझ्या कोपराले धरून घरी घेऊन आली. घरी हे खाटेवर पडून पेपर वाचत होते. म्हणाले, झालं का? म्या म्हटलं, हाव, झालं. अन् कुकर लावला.

पंजाबराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते आले, संध्याकाळी गोपाल आला, वेगवेगळे आले पण बोलणं एकच. तिकीट मले. गोपालच्या हिशेबानं मी रीत पाळणारी सवाष्ण. पंजाबरावांच्या हिशेबानं मी त्यायच्या गटाची, म्हणजे ते हारले नाहीत. मी जे केलं नाही त्याच्यावर दोन्ही गट राजी झाले. मी नाही म्हणू शकली असती. खोटं काऊन बोलू, मले पाहिजे होतं ते. अकरा वर्षं ह्या पक्षाच्या सतरंज्या झटकल्या, सभेच्या दिवशी बाया गोळा करून टेम्पोत घातल्या, कोणी कधी विचारलं नाही. म्हणून मी हो म्हणाली. तुले त्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं. तू खोलीत सामान बांधत होती, मी बाहेर गहू निवडत बसली. दार उघडंच होतं.

मग तू संग्रामपूरले आपल्या माहेरी गेली, अन् शेवटच्या दिवशी मेहकरले येऊन अपक्ष अर्ज भरला. मले तहसीलच्या दारात दिसली तू. कपाळावर टिकली होती, लाल, आपल्या हातानं लावलेली. मी तुले हाक मारणार होती. तू पलीकडून निघून गेली, बरं केलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. माघार घ्यायची मुदत उद्या तीन वाजेपर्यंत आहे. काल दुपारी पंजाबराव अन् गोपाल एकाच गाडीतून माझ्या दारात उतरले, दोन वर्षांत पहिल्यांदा. तू उभी राह्यली तर मतं फुटतात अन् दोघंही बुडतात, म्हणून आले. त्यायले तुझ्यासाठी माझ्या नावाची चिठ्ठी पाहिजे होती. गोपाल सांगायचा, पंजाबराव लिहायचे. गोपाल म्हणे, विधवेनं घराण्याची अब्रू राखावी असं टाका. पंजाबराव म्हणे, विधवा शब्द नको, पक्षाचं धोरण आहे, एकल महिला लिहू. त्या एका शब्दावर माझ्या ओसरीत अर्धा तास भांडले. गोपाल म्हणे, तुमच्या ह्या शब्दांनीच पक्ष खाल्ला. पंजाबराव म्हणे, तुमच्या आत्यानं खाल्ला. मी दोनदा चहा केला. शेवटी नुसतं ताई लिहिलं. मग एक ओळ आली, कोणाच्या तोंडून आली आठवत नाही, पण तिच्यावर दोघायतला कोणीच भांडला नाही. ती ओळ अशी, तुझ्या भासऱ्याले पुन्हा अकोल्याले नेलं आहे, डॉक्टरनं आशा सोडली, अन् ते एकच म्हणून राह्यले, पुष्पाले म्हणा अर्ज काढ, घर एक राहू दे. हे आतल्या खोलीत झोपले होते. म्या ती ओळ ऐकली अन् खाली सही केली. उद्या दहाच्या आत ते दोघं ती चिठ्ठी घेऊन तुझ्या दारात येतील, मेहकरले नेण्यासाठी गाडी तयार ठेवून. सही माझीच आहे, खोटी म्हणू नको. बशीरभाई आज संध्याकाळी मिरचीची गाडी घेऊन संग्रामपूरच्या बाजाराले निघून राह्यले, त्यायच्या हातानं हे पत्र त्या दोघायच्या आधी पोचेल. माझा अर्ज मी काढणार नाही, तेवढी मोठी मी नाही. तुझं काय करायचं ते तू ठरव. फक्त तुझे भासरे मरायले टेकले म्हणून अर्ज काढू नको. ते बरे आहेत. आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडून खाऊन राह्यले.

तुझीच, तू नाही म्हटलं तरी,
कला