दहापैकी दोन

तीर्थरूप ताईस,

आठांपैकी सात अंगांनी नमस्कार. आठवं अंग म्हणजे मान, ती सध्या कुणापुढेही वाकत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला गेला का? पत्र मी सांगतोय आणि तुझी भावजय लिहितेय, कारण माझा उजवा हात जरा आळशी झालाय. (आळशी नाही, ताई. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. कंसातलं सगळं माझं.)

तर झालं असं, की चार महिन्यांपूर्वी मी शिडीवर उभा राहून औषधांच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. शेवटचं अक्षर उरलं होतं. तेवढ्यात दुकानदार खालून म्हणाला, लाल जरा भडक नाही का वाटत? एकतीस वर्षं पाट्या रंगवतोय आणि हा मला रंग शिकवतो! तावातावाने वळलो, डबा सुटला, आणि मी शिडी धरायची सोडून डबा धरला. रंगाचा एक थेंब सांडला नाही. मानेतून मात्र कट्कन आवाज आला. (थेंब सांडला नाही हे अजून गल्लीभर सांगत फिरतात.)

आपल्या अण्णांची शिस्त तुला ठाऊकच आहे. कुणी कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं, बाहेरच्या माणसाच्या डोक्याला आपला ताप नको. आता हे डॉक्टर लोक विचारतात, दहापैकी किती दुखतं? पहिला डॉक्टर बिचारा इतका दमलेला दिसला, की मी दोन सांगितलं. तो खूश झाला, मलम लिहून दिलं. महिन्याभरात कळ खांद्यावरून कोपरापर्यंत उतरली म्हणून दुसऱ्याकडे गेलो. तिथे माझ्या आधीचा कुबड्या घेतलेला माणूस चार म्हणाला. त्याच्या पुढे कसा जाणार गं? मी तीन म्हटलं. (मी कपाळावर हात मारून घेतला.) मग व्यायाम करून घेणारी बाई. तिने माझ्या हनुवटीला पट्टा बांधला, पट्ट्याला दोरी, दोरीला वजन, आणि विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, छान. तिने वजन वाढवलं. पुन्हा विचारलं, पुन्हा छान. पुन्हा वजन. स्वभावाने फार गोड आहे ती. (डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडाने छान!)

येत्या गुरुवारी मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय. ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवणार म्हणे. (हे काय सांगतात त्यावर ठरवणार! मी खरं सांगायला तोंड उघडलं की हे हसून म्हणतात, हिला वाढवून सांगायची सवय आहे. परवा ब्रश हातातून गळला, काल चहाचा कप. आणखी उशीर केला तर बोटं कायमची जातील, असं त्या व्यायामवाल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलंय.) कंस माझ्यापेक्षा लांब व्हायला लागलेत, तेव्हा इथेच थांबतो. बाकी सगळं बरं आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. गुरुवारी काही काम नसलं तर सहज ये. कारण असं काही नाही.

(कारण आहे. ताई, तुम्ही याच. घरात अण्णांना तोंडावर उलट बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. ह्यांना गप्प बसवा आणि डॉक्टरांना खरं काय ते सांगा.)

ता. क. २ हे मी स्वतः लिहितोय, म्हणून अक्षर असं. ही पाणी आणायला गेलीय. ताई, हिला वाटतं मी अण्णांच्या शिस्तीपायी दोन-तीन सांगतो. तसं नाही गं. अण्णांचं नुसतं नाव पुढे करतो. खरं सांगितलं, आणि डॉक्टर म्हणाले की आता ब्रश विसरा, तर? फार भीती वाटते. तू काही बोलू नकोस, नुसती शेजारी बस. मीच सांगेन सगळं. एवढ्या ओळींना अर्धा तास लागला मला. पाणी आणायला इतका वेळ लागत नाही. मान वळत नाही, पण कपाटाच्या आरशात दिसतंय, ही केव्हाची पेला घेऊन दाराबाहेर उभी आहे. मी पाहिलंच नाही असं दाखवतोय.