महंमदभाईंचा सत्कार आणि माझं तयार भाषण

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. शालूस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी काही सांगायला लागले की तू आधी हसतेस, म्हणून हे कागदावर. तिकडे हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

आमच्या रग्बी क्लबला सव्वीस तारखेला दहा वर्षं होतात. क्लबसाठी बिनपगारी राबणाऱ्यांचा सत्कार करायचा, असं प्रशिक्षक उदयसिंहने ठरवलं आणि सगळं माझ्यावर टाकलं. नातीला सोडायला जाणारी मी, दोन वर्षांत क्लबची शिस्त बघू लागले. हे काम मला कुणी दिलेलं नाही, पण काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही. पहिला महिनाभर मी कडेला उभी राहून, चेंडू पुढे फेका, म्हणून मुलींवर ओरडत होते. या खेळात हाताने चेंडू मागेच द्यायचा असतो. नातीने ते मला घरी आल्यावर, दार लावून सांगितलं.

यंदा सत्कार एकाचाच, महंमदभाईंचा. पेठेतलेच टेलर. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून रोज सकाळी मैदानावर फक्कीच्या रेघा मारतात, मग सराव संपेपर्यंत कडेला बसून जर्सी शिवतात. पोरी एकमेकींना हाताला येईल ते धरून पाडतात, त्यामुळे शिवायला काही कमी नसतं. परवा त्यांची एक रेघ वाकडी आली. मी ती सगळ्यांदेखत दाखवली. ते जाऊन शिवायला बसले. चूक दाखवली की माणूस सुधारतो, हे माझं मत तुला ठाऊक आहेच.

भाषण मीच करणार. तयारच आहे.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, सल्ले नकोत.
तुझी,
आक्का


चंदगड
२३ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हसले, पण दार लावून. काजूला मोहर बरा हाय. आमचे हे दिवसभर बागेतच असतात, त्यामुळे घरात शांतता हाय.

सल्ला न्हाय, नुसतं विचारते. त्या महंमदभाईंना सत्कार पाहिजे का, हे त्यांना विचारलंस का? तू कुणाला विचारत न्हाईस. माझ्या लग्नातला शालूसुद्धा तूच ठरवलास, आणि तो मी त्या दिवसानंतर एकदाही नेसले न्हाय. आणि तुझं ते तयार भाषण म्हणजे कुठलं, तेवढं कळव.

रागावू नको. रागावलीस तरी लोभ कमी करू नको.
तुझी,
शालू


कोल्हापूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शालूस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

सत्कार देखणा झाला आणि सत्कारमूर्ती गायब झाली.

फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. भाषण म्हणशील तर मुख्याध्यापिका असताना मी ते पंचवीस-तीस वेळा केलं आहे, फक्त नाव बदलायचं. आजवर केलेल्या निरपेक्ष सेवेबद्दल संस्था आपली ऋणी आहे, आता नातवंडांत रमावं, उर्वरित आयुष्य निवांत आणि आरोग्यात जावं. लोकांनी डोळे पुसले. महंमदभाई उठले, खिशातून सामानाच्या खोलीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मला ते फार शोभून दिसलं. टाळ्यांना मीच सुरुवात केली. किल्ली घेतानाचा फोटोसुद्धा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आज नऊ दिवस झाले. त्यांचा मुलगा अरबाज म्हणाला, अब्बा कबनूरला नजीराफुफूंकडे, म्हणजे त्यांच्या बहिणीकडे गेलेत, कधी येणार ते सांगितलं नाही. फोन घेत नाहीत. शाल हलकी वाटली असेल का? मी तर स्वतः निवडली होती.

सोळा तारखेला मुलींची जिल्ह्याची स्पर्धा आहे आणि अकरा जर्सी फाटलेल्या. उदयसिंह म्हणाला, बाहेरून शिवून आणू, पण महंमदभाई आलेच नाहीत तर पोरींचं लक्ष लागणार नाही, रोज त्यांच्याबद्दलच विचारतात. बाहेर कशाला, मी शिवते म्हटलं. शिवणात मला मॅट्रिकला चांगले गुण होते.

तुझा लोभ या वेळी खरंच हवा आहे.
आक्का


चंदगड
८ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा न्हाय.

आक्का, तू त्या माणसाला रिटायर केलंस. शाल, नारळ आणि ‘उर्वरित आयुष्य’, एवढं झाल्यावर कोण दुसऱ्या दिवशी कामावर येतो? आमच्या ह्यांना एसटीने हेच दिलं आणि दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांची खुर्ची दुसऱ्याला दिली. त्यात आठवडाभर आधी तू चारचौघांत त्यांना वाकडी रेघ दाखवलीस. नजर अधू झाली म्हणून गोड बोलून काढलं, असंच त्यांना वाटलं असणार. किल्ली त्यांनी शोभेसाठी दिली न्हाय.

फोन करू नको. पत्र तर लिहूच नको, तुझ्या पत्रातली माफी नोटिशीसारखी वाटते. कबनूरला जा आणि चुकलं म्हण. एवढं एक भाषण तुझ्याकडे तयार नसणार.

लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.
शालू


कोल्हापूर
३ मार्च २०२५

चि. सौ. शालूस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. आधी कबनूरला गेले, मग शिवण जमेना म्हणून लिहिलं नाही. आता जमलंय.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी कबनूरची एसटी धरली. नजीराबींच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना आहे. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. माझं चुकलं, हे मला तीनदा आणि दर वेळी अधिक मोठ्याने म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा शेजारच्या दोन बायका दारात आल्या. तरीही महंमदभाईंना ऐकू आलं नाही. मग नजीराबींनी त्यांच्या कानात सांगितलं. बाईंनी माफी मागितली आणि त्या रडल्या, असं सांगितलं, हे मला मागाहून कळलं. मी रडले नव्हते. पण खोडून काढलं नाही.

महंमदभाईंनी बसायला चटई टाकली. मग म्हणाले, बाई, रेघ वाकडी आलेली मला दिसली नाही हो, तुम्ही दाखवली तेव्हाही दिसली नाही. घरी कुणाला सांगितलं नाही. सत्कार झाला तेव्हा वाटलं, चला, समजलं यांना.

पिशवीत मी शिवलेली जर्सी होती, तीच पुढे केली. त्यांनी ती डोळ्यांशी नेऊन बघितली. बाहीत हात घातला, तो बाहेर येईना. बाईंनी बाही खिशासारखी शिवली हाय, असं त्यांनी बहिणीला ओरडून सांगितलं. ते वाक्य मात्र पहिल्याच दमात सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. हसता हसता त्यांनी कात्री मागितली. कोल्हापूरची एसटी किती वाजता हाय, हेही त्यांनीच विचारलं.

अटी त्यांच्या. रेघा उदयसिंहने मारायच्या. जवळचं अजून दिसतं, तेव्हा कपडे त्यांचेच. डोळ्यांचं ऑपरेशन उन्हाळ्यात, तोवर सुई ओवून द्यायला मी. सोळा तारखेला मुली पहिल्याच सामन्यात हरल्या, पण एकही बाही निघाली नाही.

आता रोज त्यांच्या शेजारी बसून मी माझेच टाके उसवते. चुकलं की ते नुसतं बघतात. तेवढ्याने मी पुढचा टाका घालायला धजत नाही. शाळेत मुली माझ्यापुढे वही धरून उभ्या राहायच्या, त्यांचं काय होत असेल ते आता कळलं. काल मी एक कॉलर शिवली. त्यांनी ती उजेडाला धरली, उलटीपालटी केली आणि न उसवता घडी घालून गठ्ठ्यात ठेवली. कॉलर पास झाली, हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तुला कळवते.

हसलीस तरी चालेल.
तुझी,
आक्का