गाबोळीसारखी गाठ

१२ नोव्हेंबर २००६, सावंतवाडी

संध्याकाळपासून डोळ्यांपुढे तो तपकिरी रंगच तरंगतोय. आरोंद्याच्या मासेवाल्या पार्वतीच्या पोटातल्या गाठीची स्लाइड मुंबईहून खास रंग लावून आली; स्नायूची गाठ या रंगात तपकिरी होत नाही, ही झाली. अशी तपकिरी रंगणारी गाठ जठर-आतड्याच्या भिंतीतच उगवते, असं मी धरून चाललेले. सर्जनने ‘आतडं मोकळं, गाठ बाजूला’ लिहिलं होतं, म्हणून स्नायूची गाठ म्हणून रिपोर्ट देणार होते. चुकलेच असते.

गाठ आतड्याला न चिकटता वाढली याचं नवल पार्वतीला सांगितलं तर हसली. “डॉक्टरबाय, माशातली अंड्यांची गाबोळी खंय आतड्याक चिकटान आसता? बाजूकच पडान आसता.”

जन्मभर मासे कापलेली बाई. तिलाच का नाही विचारलं मी?

स्लाइडचा रंग कसा, तर तपकिरी, खाडीच्या पाण्यासारखा. या रंगाच्या गाठीवर गोळ्या आहेत, म्हटलं.

दारात थांबली. “गाबोळी दरवर्साक परत भरता. ही पण भरतली?”

त्या तपकिरी रंगात तेवढंच दिसत नाही.