पेन्सिलीने धरलेली जागा

३ मार्च, सोमवार. सकाळी १०.
माफी असावी. नऊ जानेवारीनंतर आज वही उघडतोय. वहीची माफी मागतात की नाही ठाऊक नाही, सवय म्हणून मागतो. उशिराची कारणं: आधी खोकला, मग चष्म्याची दांडी, मग काही नाही.

आजचा संकल्प: पानाचं काम येत्या रविवारच्या आत संपवायचं.

काम एवढंच. आमच्या घरच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, जुना करार संपतो आणि नवा सुरू व्हायचा असतो, तिथे मधे एक कोरं पान आहे. माझ्या वडिलांनी त्यावर पट्टीने सोळा ओळी आखल्या. घरात कोणी जन्मलं, कोणाचं लग्न झालं, कोणी गेलं, की एक ओळ. पंधरा भरल्यात. पंधरावी हिची, म्हणजे माझ्या बायकोची. चार वर्षं झाली. उरली एक. ती मी जपून ठेवलीय.

आता नातीचं नाव लिहायचंय. मुलाने आणि सुनेने तिला दत्तक घेतलं तेव्हा ती पाच वर्षांची होती, आता सात. घरात आल्यापासून नळ, कुलपं, माझ्या गोळ्यांची डबी, सगळं तपासते. म्हणून मी तिला इन्स्पेक्टर म्हणतो. दोन वर्षांत लिहायचं राहून गेलं. बाप्तिस्म्याच्या दिवशीच लिहिणार होतो, पण पाहुणे होते.

आता घाई आहे. तेवीस तारखेला चर्चमध्ये कुटुंब रविवार. संडे स्कूलची मुलं घरचं शास्त्र घेऊन पुढे उभी राहणार आणि आपापली ओळ वाचणार. वीस दिवस आहेत. मला दहा मिनिटं पुरतात. पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या. दवाखाने, शाळा, सलून, कबरीवरचे दगड. शिक्षण चौथी, पण अख्ख्या गावाने माझं अक्षर वाचलंय.

५ मार्च, बुधवार.
झालं नाही. निब खराब.

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, आजोबा, निब आता कोण वापरतं, हे जेल पेन न्या, नातवंडांना पण आवडेल. त्याच्या डोक्यावरची पाटी मी रंगवलेली आहे. त्याला ठाऊक नाही. सांगितलं नाही. जेल पेन घेतला.

६ मार्च, गुरुवार. दुपारी.
जुन्या पेपरच्या समासात सराव. एकेचाळीस वेळा. टेबल हलतं. पायाखाली पुठ्ठा घातला, तरी हलतं. मुलाने पाण्याचा ग्लास आणून टेबलावर ठेवला आणि नुसता बघत बसला. पाणी शांत होतं. मी म्हटलं, फरशीत दोष आहे, तो पाण्यात दिसत नाही. तो ग्लास उचलून पिऊन गेला.

संकल्प: शनिवारी नक्की.

८ मार्च, शनिवार.
शनिवारी इन्स्पेक्टरची तपासणी आली. मी सरावाला बसलो होतो, ती शेजारी येऊन पान वाचायला लागली. बोट ठेवून, वरून खाली. पणजोबा, त्यांचं लग्न, माझा जन्म, सगळं. सुनेच्या ओळीवर थांबली. विचारलं, आई पण बाहेरून आली ना, मग तिचं कसं आहे? मी म्हटलं, तिचं लग्न झालं. ती म्हणाली, बरं.

मग शेवटच्या ओळीवर बोट. तिथे पेन्सिलीत कोणाचं नाव आहे, हे तिला हवं होतं.

ते माझं आहे. हिच्या खाली. नाव, आडनाव, 'प्रभूमध्ये निजला', आणि तारखेची जागा सोडलेली. हिची ओळ लिहिली त्याच आठवड्यात लिहून ठेवलं. मुलाचं अक्षर मला ठाऊक आहे. त्याच्यावर सोडलं तर कोंबडी पानावरून चालून गेल्यासारखं दिसेल. हा शहाणपणा आहे, दुसरं काही नाही.

तिला एवढं सांगितलं की ते माझं आहे.
"तुम्ही मेलात का?"
"अजून नाही."
"मग बसमध्ये रुमाल टाकतात तशी जागा धरलीय का?"

मी पेपर वाचायला घेतला. ती गोळ्यांची डबी तपासून गेली. शुक्रवारची गोळी राहिली होती.

१० मार्च, सोमवार.
नवीन अडचण लक्षात आली. बरं झालं आधीच लक्षात आली. तिच्या कागदावरची जन्मतारीख खरी नाही. संस्थेच्या डॉक्टरने दात बघून लावलेली आहे. दातांवरून काढलेली तारीख शास्त्रात कशी लिहायची? हा साधा प्रश्न नाही.

चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, शास्त्रातच कितीतरी जणांच्या जन्मतारखा नाहीत, त्यांचं काही अडलं नाही. ती घरी आली ती तारीख लिहा. मी म्हटलं, विचार करतो. त्यांनी चहा दिला. अर्धा बशीत गेला. कप काठोकाठ भरला होता. त्यांनी बशीकडे बघितलं आणि चर्चच्या सूचनाफलकाचा विषय काढला. मागच्या वर्षी तो मीच रंगवायचा म्हणालो होतो. आता म्हणाले, घाई नाही, छापून आणू. मी म्हटलं, कशाला, या आठवड्यात करतो.

१३ मार्च, गुरुवार. रात्रीच्या जेवणानंतर.
उपाय सापडला. इतका सोपा की आधी कसा सुचला नाही.

बाइंडरकडे गेलो होतो. जुना माणूस, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बहिरा. तो म्हणाला, मधे नवं पान शिवता येईल, महिना लागेल, पण कागद पांढरा दिसणार, लपणार नाही. मी म्हटलं, लपवायचंय कोणाला? तिला स्वतःचं अख्खं पान. सोळाच्या सोळा ओळी तिच्या. घरात आजवर कोणाला मिळालं नाही. तेवीसला नुसतं सांगायचं, पान शिवायला दिलंय.

जेवताना जाहीर केलं. मुलाचा हात ताटात थांबला. सून पाणी वाढत होती, ती वाढत राहिली. तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, तिला वेगळं पान नकोय. तिला त्याच पानावर यायचंय."

मी म्हटलं, लहान मुलांना कागदातलं कळत नाही. कोणी वाद घातला नाही. ताटं उचलली गेली. इन्स्पेक्टरने माझं ताट उचललं, त्यातली सोडलेली भाजी बघितली. सगळ्यांना पटलं असावं.

१४ मार्च.
सून बोलत नाही. घसा बसला असेल.

१६ मार्च, रविवार.
घसा नाही. चर्चमध्ये मोठ्याने गायली.

दुपारी मुलगा खुर्ची ओढून समोर बसला. असा तो फक्त आईच्या आजारपणात बसायचा. म्हणाला, बाबा, मी लिहू का, तुम्ही शेजारी बसून सांगा. मी म्हटलं, तुझं अक्षर शाळेत असताना मास्तरांनी मला बोलावून दाखवलं होतं. तो म्हणाला, हो, आणि तुम्ही मास्तरांना सांगितलं होतं की चालेल, माझा आहे.

असं मी म्हटल्याचं आठवत नाही. विषय तिथे संपला. बाइंडरचाही संपला, शास्त्र महिनाभर घराबाहेर ठेवणं बरं नाही.

संकल्प: बुधवारी पेन्सिल पुसणार, गुरुवारी लिहिणार. शुक्रवार, शनिवार राखीव.

१९ मार्च, बुधवार. दुपारी ४.
रबर सापडत नव्हता. मग इन्स्पेक्टरच्या दप्तरातून घेतला.

पुसायला सुरुवात केली. माझं पहिलं नाव गेलं. वडिलांचं नाव गेलं. आडनावापाशी थांबलो. वरची ओळ हिची. पुसताना ती नीट बघितली, चार वर्षांत पहिल्यांदा. अक्षरं ओळ सोडून वर चढलीत. 'निजली'तली 'ली' तर पार उडालीय. आडव्या पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस मी. त्या दिवशी टेबल हलत असणार.

हिच्या ओळीखाली दुसरं कोणी आलं तर मी कुठे जाणार, असं वाटलं. तसं विशेष काही वाटलं नाही. नुसतं ध्यानात आलं. रबराचा कचरा फुंकला आणि चहा घेतला.

२० मार्च, गुरुवार.
उद्या.

२१ मार्च, शुक्रवार.
सकाळी नऊ ते पावणेबारा पान समोर ठेवून बसलो. जेल पेनचं टोपण काढलेलं. पावणेबाराला टोक वाळलं. टोपण लावलं.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.
इन्स्पेक्टरने विचारलं, झालं का. मुलगा, सून दोघं तिथेच होते. मी म्हटलं, झालं.

म्हटल्यावर लक्षात आलं की झालेलं नाही. पण खोटं नाही हे. पहाटे पाचला उठून लिहिणार आहे, म्हणजे आता फक्त तासांचा प्रश्न. सांगून ठेवलं की शाई ओली आहे, पान उघडू नका. मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुनेने नऊ दिवसांनी विचारलं, बाबा, अजून वाढू का.

गजर लावला. कोट, पेन, पट्टी, सगळं खुर्चीपाशी. आता झोप.

२३ मार्च, रविवार. दुपारी २.
पहाटे पाचला उठलो. कोट घातला, खुर्चीत बसलो, पेन हातात घेतला. अंग गरम व्हायला पाच मिनिटं डोळे मिटले. उघडले तेव्हा आठ वाजले होते आणि शास्त्र कापडात गुंडाळून सुनेच्या हातात होतं. म्हणाली, चला बाबा, तुम्ही तयार होऊन बसलात ते बरं केलंत.

वाटेत तीनदा सांगायचं ठरवलं. एकदा कोपऱ्यावर, एकदा पुलावर, एकदा पायऱ्यांवर. पायऱ्या चढताना दम लागतो.

दुसऱ्या बाकावर बसलो. अकरा मुलं. सुताराच्या मुलाने वाचलं, जुळ्या बहिणींनी एकच ओळ दोघींत वाटून घेतली, लोक हसले. मग इन्स्पेक्टर. शास्त्र तिच्या छातीएवढं. स्टँडवर ठेवलं, पान काढलं.

बघत राहिली. काय बघत होती ते मला ठाऊक होतं. सोळावी ओळ, अर्धवट पुसलेली, त्यात उरलेलं माझं आडनाव आणि 'निजला'. मी पायाखालच्या फरशीकडे बघितलं. इथली फरशी चांगली आहे. एकही फट नाही.

मग तिने वाचायला सुरुवात केली. पणजोबांपासून. एकच ओळ वाचायची होती, तिने पहिल्यापासून धरली. बोट ठेवून, एकेक. हिची ओळ वाचली. मग बोट खाली सरकवलं आणि त्याच आवाजात वाचत गेली. ती घरी आली ती तारीख. तिचं नाव, आमच्या आडनावासकट. 'घरी आली.' आणि पुढे आणखी चार-पाच शब्द. ते मला ऐकू आले नाहीत, कारण मी खोकत होतो. मागच्या बाकावरची बाई डोळे पुसत होती, म्हणजे चांगले असणार.

शेवटी म्हणाली, "हे आजोबांनी लिहिलंय."

संडे स्कूलच्या बाई पुढे झाल्या, अक्षर बघू म्हणाल्या. तिने शास्त्र मिटलं. "नको. शाई ओली आहे."

बाहेर पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, अजून जमतं तर. मी म्हटलं, हो.

२४ मार्च, सोमवार.
सकाळच्या गाडीने तिघं सुनेच्या आईकडे गेले. पंधरा दिवसांची सुट्टी. मला या म्हणाले. गुडघे आहेत, मी नको म्हटलं. इन्स्पेक्टरने गोळ्यांची डबी भरून ठेवली, दिवसाप्रमाणे. कालचा विषय काढला नाही. आई-बापाला सांगितलं नसावं, कारण सुनेने जाताना डबा भरून ठेवला.

ती गेल्यावर पान उघडलं. तिने लिहिलं असेल असं वाटलं होतं. दप्तरात पेन्सिल आहे, अक्षर बरं आहे तिचं. लिहिलेलं नाही. ओळ होती तशीच.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी.
उरलेलं पुसलं. आडनाव, 'निजला', सगळं. ओळ आता कोरी आहे. कागद थोडा झिजलाय, पण फाटला नाही.

पाळकसाहेबांना निरोप दिला, फलक छापून आणा.

तिला पत्र लिहितोय. आधी इथे कच्चं लिहितो, उद्या पक्कं करून टाकतो. उद्या म्हणजे उद्याच.

इन्स्पेक्टरसाहेब,
पत्राला तीन दिवस उशीर झाला, माफी असावी. गोळ्या वेळेवर घेतो. मंगळवारची राहिली. रबर तुझ्या दप्तरातून मी घेतला होता, तो परत देईन, थोडा लहान झालाय.
अक्षर वाकडं दिसेल. टेबल हलत नाही, फरशीही ठीक आहे. हात हलतो. चार वर्षं झाली. कोणाला सांगितलेलं नाही, तू तपासणीत पकडलंच असशील.
तुझी ओळ लिहायची आहे, हिच्या खाली. मी समासात उभा राहीन, समासात पुष्कळ जागा आहे. तारीख तुझ्या बाबाला ठाऊक आहे, ती विचारून घेईन. पण 'घरी आली'च्या पुढे तू जे वाचलंस ते तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मी खोकत होतो. जसं वाचलंस तसंच लिहायचं आहे, एकही शब्द इकडचा तिकडे नको.
तेवढे शब्द कळव. लवकर कळव. मी पट्टी लावून बसलोय.