सौ.ची उजवी दाढ

श्रावण शु. ३, मंगळवार
सौ.च्या उजव्या खालच्या दाढेतली कीड खरवडली. वाटले त्याहून खोल. तळाशी पापुद्रा, त्याखाली नस. हत्यार आणखी जरासे गेले असते तर... थांबलो. जस्ताची पूड लवंगेच्या तेलात मळून भरली. दुपारी ती शांत झोपली.

हे भरण नस निववते, पण कठीण चावले की झिजते. पारा-चांदी वर्षानुवर्षे टिकते, पण ऊन-थंड सरळ नसेपर्यंत नेते. गेल्या वर्षी डाव्या दाढेत थेट चांदीच भरली. नस मेली, दाढ काढावी लागली. आता चावायला हीच एक बाजू.

शु. ५, गुरुवार
ठणका नाही. महिनाभर हेच ठेवावे, नस सावरली की वर चांदी. पुस्तकही हेच सांगते. पण रविवारी कानबाईचा सण, म्हणजे प्रसादाचे जाड, कडक रोट आलेच.

शु. ६, शुक्रवार
थोरल्या भावाकडे, दादांकडे गेलो. रोटासाठी माणशी सव्वा मूठ गहू मोजून झाले होते. यंदा सौ.ला वगळा म्हटले. दादा म्हणाले, रोटमा सूनना वाटा सोडता येस नही. रोट घरच्यांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, उरलेला पुनवेपर्यंत संपवायचा. हे मला कोणी सांगायला नको.

वहिनी आतून: "गावभरना दात भरतस भाऊ, नि घरमा बोळकी करी ठेयी." बायका हसल्या. मीही हसलो. दुसरे काय करणार.

दुधात भिजवून खा, असे सौ.ला सुचवले. पहिल्या दिवशी खाईलही. पुढे वाळलेला रोट जावांच्या पंगतीत चावायचा. तिथे ती दूध मागणार नाही.

शु. ७, शनिवार
भरण असेच ठेवले तर फुटणार, कीड पुन्हा आत. चांदी भरली तर डाव्या दाढेची गत. काहीही केले तरी दोष माझाच. सौ.पुढे सगळे मांडले. ती म्हणाली, "डावी गई. उजवीबी गई ते भाकर कशाघाई खाऊ? जे टिकी ते भरा."

भरले. वरचे जस्त खरवडून तळाशी थर ठेवला, वर चांदी. थर पुरेसा जाड आहे का? जाड ठेवावा तर चांदी पातळ होऊन तडकते. दिवसभर त्या बाजूने चावू नको म्हटले. निर्णय तिचा, असे लिहिणार होतो. तिने तो माझ्या भरवशावर घेतला.

शु. ९, सोमवार
कानबाई बोळवली. सौ.ने काल रोट खाल्ला, आजही. दुखते का विचारले. "काहीच नही."

डाव्या दाढेच्या वेळीही महिनाभर हेच उत्तर होते. गाल सुजला तेव्हा कळले. जावांपुढे माझे हसू होऊ नये म्हणून गप्प बसली होती.

शु. १५, रविवार
शेवटचा रोट तिने सर्वांसमोर खाल्ला. उजवीकडूनच. दादा माझ्याकडे पाहून समाधानाने हसले. चांदीला तडा नाही, दिव्याशी नेऊन पाहिले.

नंतर चहा आला. सगळ्यांनी घेतला. सौ.ने बशीत ओतून बाजूला ठेवला, साय धरेपर्यंत. पूर्वीही ती असाच निववून प्यायची का? इतक्या वर्षांत मी कधी पाहिलेच नाही.