तात्यांचा फ्लेक्स

११ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी गावच्या ग्रुपवर मेसेज. निवृत्ती तात्या गेले. पाठोपाठ हात जोडलेल्यांची रांग. मीही जोडले. दुकान उघडतोय तोवर मंडळाच्या दत्ताचा फोन, "संजयराव, फ्लेक्स लागंल. गावच्या स्टँडवर, मोठा." तात्यांचा फोटो माझ्याकडंच होता, आईच्या तेराव्याला पंगतीत वाढताना. हातातली बादली कापली, टोपी काढून कॉम्प्युटरवर फेटा चढवला. जन्मात कधी घातला नाही त्यांनी. वर 'आधारवड हरपला'. खाली शोकाकुल म्हणून आमचे फोटो. माझा मधोमध. छापणारा मीच ना.
दुपारी लावला. संध्याकाळी कळलं, तात्या जिवंत आहेत.
बारामतीत ॲडमिट होते ते. कुणीतरी वॉर्डात डोकावलं, खाट रिकामी, चादर बदलत होते. तात्यांना तपासायला खाली नेलं होतं. जवळ कुणी बसलेलं असतं तर विचारलं तरी असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
फ्लेक्स कालच उतरवला. दत्ता हसत होता, म्हणे तात्यांचं आयुष्य वाढलं. मी पण हसलो. सुनंदा नाही हसली. भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, दवाखाना दुकानापासून चालत जाण्यासारखा. एकदा तरी गेलात का?"
म्हटलं, एमआयडीसीतल्या कंपन्यांचं दिवाळीचं काम होतं.
"दिवाळी होऊन किती दिवस झाले?"
जेवून उठलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आईचं आजारपण आठवतंय सारखं. गावातलं कुणीही बारामतीत ॲडमिट झालं की तात्या सकाळच्या एस्टीनं डबा घेऊन हजर. माझ्या लहानपणापासून हेच बघतोय. भावकी बघितली नाही, वैर बघितलं नाही. डबा आजाऱ्याचा नसायचाच. बसणाऱ्याचा. "आजाऱ्याकडं दवाखाना बघतुया. बसनाऱ्याकडं कोन बघनार?" भाकरी, पिठलं, फोडलेला कांदा. मी जेवायचो, तेवढा वेळ ते आईजवळ. मग म्हणायचे, "जा, पाय मोकळं करून ये."
आई गेली तेव्हा मी चहाच्या टपरीवर होतो. तिच्याजवळ तात्या होते.
आणि त्यांच्याजवळ... जाऊ दे. लिहून काय होतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार
तात्यांना घरी सोडलं. पुतण्या घेऊन गेला. तो लोणी देवकरला कंपनीत, त्याला रजा मिळत नाही. तात्यांना ना बायको राहिली, ना पोरबाळ. भेटून यायला पाहिजे. आज नाही जमलं.

२३ नोव्हेंबर, रविवार
गेलो एकदाचा. फ्लेक्स गाडीतच पडून होता, टाकवत नव्हता. तात्या अंगणात खाटेवर. निम्मे राहिलेत.
"ये संज्या. मेल्यावर भेटाय आलेला तूच पयला."
तोंड कुठं लपवू असं झालं. म्हटलं, तात्या, चुकलो, फोन करून विचारायला पाहिजे होतं.
"फेटा झ्याक दिसत हुता म्हनं. फाडला न्हाय ना? दे हिकडं, कडब्याच्या गंजीवर टाकाय हुईल. आभाळ येतंय सारखं."
मीच चढून टाकला. छापलेली बाजू खाली घातली. फ्लेक्सची माफी मागून झाली होती. न आल्याची मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "चा घे आदी."
निघताना म्हणाले, "शिरपा ॲडमिट हाय बारामतीत. त्याची म्हातारी बसलीया. माझ्यानं आता एस्टी चढवत न्हाय. तू नेशील डबा?"
शिरपा म्हणजे ज्यानं बांधावरनं तात्यांना कोर्टाची पायरी चढायला लावली, तोच.
म्हटलं, "नेतो की, तात्या." किती हलकं वाटलं म्हणून सांगू. बारामतीत जळोचीपर्यंत गाणी लावून आलो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
डबा नेला. म्हातारी वॉर्डाबाहेर पायरीवर. डबा बघूनच ओळखलं तिनं. "तात्यानं धाडलं व्हय?" जेवून म्हणाली, "जरा बसतासा का ह्यांच्यापाशी? दोन दीस झालं, अंगाला पानी न्हाय."
दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणालो. थांबलं होतंही. पण थांबलं असतं अजून.
"बरं," म्हणाली. तोंडावर राग नव्हता, हेच वाईट.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
डबा रिक्षावाल्याकडं दिला. पोचला म्हणाला.

२६ नोव्हेंबर, बुधवार
लग्नसराई. दिवसभर नवरानवरींचे फ्लेक्स, मान वर करायला सवड नाही. आता तात्यांचा फोन.
"म्हातारी जेवली का रं?"
"जेवली."
"आन शिरपापाशी बसलास का जरा?"
"बसलो की."
"लई ब्येस केलंस. मला घोर लागला हुता, माझ्यामागं कोन जाईल. आता न्हाय."
काही बोलायच्या आत फोन ठेवला त्यांनी. सुनंदानं सकाळी बांधून दिलेला डबा समोर टेबलावर आहे. उघडून बघितला. भाकरी वातड झालीय. मला फक्त मेलेल्यांचंच करता येतं.
परत फोन करून खरं सांगावं का? म्हाताऱ्याचा घोर परत... की आधी जाऊन यावं आणि मग...
निघतो. भेटायची वेळ संपली असणार. वॉचमन सोडेल न सोडेल. तात्यांना त्यानं कधी अडवलेलं आठवत नाही.