कलेजीपुढची खूण

लोगन काउंटी, नॉर्थ डकोटा
शनिवार, ४ नोव्हेंबर २०१७

चि. मार्लिस हिला,

ऑटिली आत्याचे आशीर्वाद. तुझे पत्र मंगळवारी मिळाले. उत्तराला चार दिवस लागले, त्याचे कारण आळस नव्हे. हल्ली एक पत्र लिहायचे म्हणजे आधी चष्मा, मग खुर्ची, मग गुडघा अशा तिघांची समजूत काढावी लागते. इथे सारे बेताचे आहे. पहिला बर्फ पडून विरघळला. तुझी आई ठीक आहे. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटते, हवेविषयी दोन वाक्ये बोलते आणि निघून जाते. तुझे वडील गेल्यापासून आमच्यात तेवढेच बोलणे उरले आहे, हे तुला ठाऊक आहे.

आता तुझा प्रश्न. अर्धा बैल तुझ्या वाट्याला आला आहे, बिलिंग्जच्या खाटीकखान्याचा फॉर्म वीस तारखेपर्यंत भरून द्यायचा आहे, आणि ज्या भागापुढे खूण नसेल तो ते फेकून देतात. वर्षभर तुझ्या अंगात त्राण नाही, दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, बोटांचे सांधे दुखतात. म्हणून मी चर्चच्या महिला मंडळासाठी केलेला जुना तक्ता तू मागितला आहेस: कोणत्या तुकड्यात किती पोषण. आहारशास्त्र हा माझा विषय कधीच नव्हता. मी कॉलेजात चौतीस वर्षे तर्क आणि वादविवाद शिकवला. तक्त्यातील आकडे सरकारी पुस्तिकांतून घेतलेले होते. मांडणी तेवढी माझी होती.

शंभर ग्रॅम शिजलेले मांस हे माप धरू. प्रथिनांच्या बाबतीत मांडीचा तुकडा, कलेजी आणि हृदय जवळजवळ सारखेच, अठ्ठावीस-एकोणतीस ग्रॅम. म्हणजे निव्वळ प्रथिनांसाठी कोणी कलेजीचे गोडवे गात असेल, तर ते व्यर्थ आहेत. चरबीत मात्र फरक पडतो. मांडीत ती थोडी. फासळ्यांत चौपट, आणि जीभ फासळ्यांच्या पंगतीला बसणारी. लोह मांडीत आणि जिभेत सुमारे अडीच मिलिग्रॅम, गुर्द्यात सहाच्या आसपास, हृदयात आणि कलेजीत साडेसहा. बी-बारा मांडीत दोन मायक्रोग्रॅम, हृदयात अकरा, गुर्द्यात पंचवीस, कलेजीत सत्तर. अ जीवनसत्त्व मांडीत नसल्यातच जमा. कलेजीत एवढे की गरोदर बाईने ती टाळावी. शेपटीचे आणि नळीच्या हाडांचे कौतुक रश्शासाठी करावे, आकड्यांसाठी नव्हे.

तेव्हा फॉर्मवर मांडी, खांदा, फासळ्या आणि शेपटी यांच्यापुढे खूण कर. जीभ आवडत असेल तर घे. कलेजी, हृदय आणि गुर्दे यांच्यापुढची जागा यंदा कोरी सोड. त्याचे कारण लांबलचक आहे आणि माझा हात दुखतो आहे. शिवाय एकदा रक्त तपासून घे. एक्कावन्नाव्या वर्षी ते केलेले बरे.

पत्रासोबतच्या फोटोत तुझ्या कुत्र्याने एक पाय उचलून धरलेला दिसला. त्याचा पाय दाखव.

तुझी,
ऑटिली आत्या


लोगन काउंटी
बुधवार, १५ नोव्हेंबर २०१७

मार्लिस,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी उत्तर दिले नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मी बरेच बोलले. त्यात उत्तर नव्हते. संभाषण मला शब्दशः आठवते. ती माझी व्यावसायिक सवय आहे.

तू म्हणालीस, “आत्या, हे काय उत्तर झालं? तुझ्याच तक्त्यात कलेजी पहिल्या नंबरावर, आणि तूच म्हणतेस घेऊ नकोस. कारण काय, तर हात दुखतो! तुझ्या वर्गात मी असं लिहिलं असतं तर तू मला भोपळा दिला असतास.”

मी म्हणाले, “वय झालं माझं, मार्लिस.”

“वय तुझं झालंय, कारणाचं नाही. मी सगळं मागवतेय, कलेजीसकट. जनावर कापायच्या दिवशी कलेजीची पहिली थाळी घरातल्या सगळ्यात दमलेल्या माणसाला, हे आजीच म्हणायची ना? मग या घरात ती मीच.”

आणि तू फोन ठेवलास. तुझा आक्षेप बिनतोड होता. कारणाशिवाय केलेले विधान म्हणजे नुसता आवाज, हे मीच तुला शिकवले. ते कारण आता लिहिते. फोनवर सांगायला गेले असते तर मी पुन्हा वाद घातला असता, आणि बहुधा जिंकले असते.

२०१० च्या शरद ऋतूत तुझे वडील दमू लागले. तू तेव्हा बिलिंग्जला होतीस. रेनहोल्ड दुपारी ट्रॅक्टरवरच डुलक्या घ्यायचा. पहिल्या दोन बोटांचे सांधे दुखायचे. तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात त्यावर चर्चा झाली. अल्बिना म्हणाली, “वन्सं, आधी रक्त तपासू दे त्यांचं. दवाखान्यातली नर्स पण तेच म्हणाली. कातडी बघा ना कशी तांबूस पडलीय, डिसेंबर तोंडावर आलाय तरी. तोवर कलेजी-बिलेजी काही नको.”

मी तिला तीन वाक्यांत गप्प केले. थकवा लोहाच्या कमतरतेने येतो. कलेजीत लोह सर्वांत जास्त. म्हणून कलेजी. पुरावा म्हणून मी स्वतःकडे बोट दाखवले: चाळीस वर्षे आठवड्यातून दोनदा खाते आहे, बघा कशी आहे मी. पहिल्या वर्षाच्या मुलाने असे मांडले असते तर मी तांबड्या शाईने विचारले असते की थकवा फक्त कमतरतेनेच येतो हे कोणी ठरवले, आणि एका बाईच्या तब्येतीवरून दुसऱ्याच्या रक्ताचा निष्कर्ष कसा काढता. त्या दिवशी तांबडी शाई कोणाकडे नव्हती. तुझे वडील हसून म्हणाले, “ताई आणि बायको यांच्यामध्ये मी म्हणजे चिंचोळ्या वाटेतला बैल. जिकडून टोचलं, तिकडे सरकायचं.” ते माझ्याकडे सरकले. रक्ततपासणी वासरे होण्याचा हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलली, मग गवताची कापणी संपेपर्यंत, मग तिचा विषय कोणी काढलाच नाही.

पुढचे तुला ठाऊक असणे शक्य नाही. त्या वर्षीचा फॉर्म अल्बिनाने भरला होता. कलेजी, हृदय, गुर्दे यांच्यापुढची जागा तिने कोरी सोडली. आपल्या लोकांत अन्न फेकणे म्हणजे केवढे पाप, ते तुला सांगायला नको. माझी आई पाव जमिनीवर पडला तर उचलून त्याचे चुंबन घेत असे. तिच्या सुनेने अख्खी कलेजी फेकायला सांगावी! मी गावात चाललेच होते म्हणून रेनहोल्डने फॉर्म माझ्या हाती दिला. खाटीकखान्याच्या दाराशी, गाडीत बसून मी तो वाचला आणि तिन्ही जागी खूण केली. पुढच्या वर्षीही केली. मंगळवारी आणि शुक्रवारी तो माझ्याकडे जेवायला येई आणि मी त्याला कांद्याबरोबर परतलेली कलेजी वाढत असे. दोन हिवाळे. “ताई, अजून दमायला होतंय गं,” असे तो म्हणाला की मी अजून एक तुकडा वाढायची.

मार्च २०१२ मध्ये बिस्मार्कच्या इस्पितळात त्याने कागदांवर सहीसाठी माझे नाव दिले, कारण घरात शिकलेली मी. यकृत निकामी झाले आहे, एवढे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितले. तो गेल्यावर तीन आठवड्यांनी उरलेल्या तपासणीचा अहवाल आला. सही माझी, म्हणून पत्ता माझा. लोह कमी नव्हतेच. ते फार होते. त्याचे शरीर जन्मापासून लोह गरजेपेक्षा जास्त शोषून घेत होते, आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते यकृतात, हृदयात, सांध्यांत साठते, कातडीचा रंग बदलतो. माणूस दमतो, अगदी लोह कमी असलेल्या माणसासारखाच.

मी त्या डॉक्टरांना फोन केला. प्रामाणिकपणे त्यांचे शब्द लिहिते, माझ्या बाजूचे आणि विरुद्धचेही. आजार कलेजीमुळे झाला नव्हता; तो वारशाने आला होता. कलेजीने साठ्यात भर पडली, किती ते सांगता येणार नाही. मात्र २०१० मध्येच रक्त तपासले असते, तर दर काही आठवड्यांनी थोडे रक्त काढून टाकणे एवढाच उपचार होता आणि तो बहुधा जगला असता. म्हणजे मी त्याला जे वाढले त्याहून, मी जे टाळायला लावले ते मोठे.

अहवालात शेवटी एक ओळ होती: भावंडांनी आणि मुलांनी तपासणी करून घ्यावी. भावंड म्हणजे मी. मी त्याच महिन्यात करून घेतली. हा आजार जडायला आई आणि वडील दोघांकडून वारशाचा एकेक अर्धा यावा लागतो; माझ्यात एकच निघाला. मला धोका नाही. मुलांपर्यंत मी ती ओळ पोहोचवली नाही. साडेपाच वर्षे.

कारण विचारशील. अहवाल दाखवला असता तर अल्बिना बरोबर होती हे सांगावे लागले असते, आणि मग खुणेचेही. मी स्वतःला सांगत राहिले की मार्लिस धडधाकट आहे, बायकांना हा आजार उशिरा जडतो, अजून वेळ आहे. हे तिन्ही मुद्दे खरे होते. खऱ्या मुद्द्यांनी लपवाछपवी करणे हे माझे शिक्षण.

अजून एक बाब आहे, आणि ती लिहायला आजार लिहिण्याहून जड जाते आहे. यकृत गेले म्हणजे दारू, असे गावाने ठरवले. दफनानंतरच्या जेवणात तू माझ्यासमोर बसली होतीस. तू म्हणालीस, “बाबा कोठारात पीत असणार. आम्हाला कळूच दिलं नाही त्यांनी.” मी कॉफीत साखर घालत राहिले. मी कॉफीत साखर घेत नाही.

सोमवारी मी तुझ्या आईकडे गेले. ती बटाटे सोलत होती. बस म्हणाली नाही, मी बसले. आधी खुणेचे सांगितले.

“ते मला माहीत आहे, वन्सं,” ती म्हणाली. “फ्रीझरमध्ये कलेजीची अकरा पुडकी आली, आणि एकेक करून तुमच्याकडे गेली. मी काय आंधळी आहे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्याशी? तुमच्यापुढे कधी कोणाचं वाक्य पुरं झालंय? आत्ता झालं म्हणून मलाच नवल वाटतंय.”

मग मी अहवाल तिच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. तिने चाकू खाली ठेवला. विचारले, “म्हणजे दारू नव्हती?”

“नव्हती.”

“एक थेंबही?”

“नाताळातली असेल ती. बाकी नाही.”

“पाच वर्षं,” ती म्हणाली, “पाच वर्षं मी त्या कोठारात बाटली शोधतेय. गवताच्या गंजीत हात घातले. त्यांच्या कोटांचे खिसे हुंगले. वन्सं, मी त्यांना शिव्या घातल्या. कबरीवर उभी राहून.”

मला काही सुचले नाही. आयुष्यात पहिल्यांदा, असे लिहिणार होते. पण ते खरे नाही. सुचत होते बरेच. बोलले नाही. ती म्हणाली, “पोरीला सांगितलंत?” मी म्हणाले, लिहिते आहे. “लिहा. आणि सरळ लिहा. तुमच्यासारखं नको.” आणि तिने दार उघडून धरले.

तेव्हा सरळ लिहिते. अहवालाची प्रत सोबत जोडली आहे; ती घेऊन डॉक्टरांकडे जा. वडिलांकडून एक अर्धा तुझ्याकडे नक्की आला आहे. आईकडून दुसराही आला असेल तर तोच आजार तुलाही आहे. अल्बिनाची तपासणी शुक्रवारी आहे, गाडी मी चालवणार आहे, तिने त्याला हरकत घेतलेली नाही. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि रक्तातले लोहाचे प्रमाण, दोन्ही तपासायला सांग. तुझा थकवा कमतरतेचाही असू शकेल. मला माहीत नाही. हे वाक्य मी २०१० मध्ये उच्चारायला हवे होते. रक्त सांगेपर्यंत कलेजी नको, हृदय नको, लोहाच्या गोळ्या तर नकोतच. जास्त निघाले, तर वेळेत सापडलेल्या या आजारात माणसे म्हातारी होतात.

मला क्षमा करावीस अशी विनंती या पत्रात नाही. ती केली तर तू क्षमेचा विचार करत बसशील आणि डॉक्टरांकडे जाणे एका आठवड्याने लांबेल. मला पत्रही लिहू नकोस. जो निकाल येईल तो आईला कळव. ती मला सांगेल किंवा सांगणार नाही, तो तिचा प्रश्न. आणि बिलिंग्जमध्ये वडिलांविषयी ज्यांना ज्यांना तू काही सांगितले असशील, त्यांना आता खरे सांग. इथे येत्या रविवारी, प्रार्थना संपल्यावर, मी उभी राहून सांगणार आहे.

दारूने न गेलेल्या रेनहोल्डची बहीण,
ऑटिली